बंदीवानाच्या हाती कलमाचा चाकू

मृगाचा पाऊस स्थिरावला की रत्नागिरी जिल्ह्यातील रोपवाटिकांमध्ये कामाची एकच घाई उडते. मे महिन्यात खाल्लेल्या रायवळ आंब्यांच्या कोयी गोळा करून गादीवाफ्यांत टाकलेल्या असतात. दोन-तीन आठवड्यांत त्यांना तांबूस, लुसलुशीत कोंब फुटतात आणि तेथून पुढे कलमे बांधणाऱ्या माणसास मान वर करावयासही फुरसत मिळत नाही. कोंबाची पाने हिरवी झाली, खोड निबर झाले, म्हणजे कोयकलमाची संधी गेली. म्हणून या दिवसांत ज्याचा हात कलमावर बसलेला आहे अशा माणसाचा शोध घेत बागायतदार गावोगाव हिंडतात.

याच रत्नागिरी शहरात एक विशेष कारागृह आहे. कोणत्याही कारागृहात सर्वांत विपुल असणारी वस्तू म्हणजे वेळ होय. आणि रोपवाटिकेत नेमका वेळेचाच दुष्काळ असतो. भिंतीच्या आत वेळ आहे, बाहेर काम आहे. या दोहोंची सांगड घालता येईल काय, आणि घातली तर बंदीवान सुटून गावी आल्यावर ती टिकेल काय, हा प्रश्न कारागृह खात्याइतकाच गावपातळीवरील कार्यकर्त्यांचा आणि शेतकऱ्यांचाही आहे. कारण बंदीवान सुटतो तो शेवटी कोणत्या ना कोणत्या गावातच येतो.

मागणीची बाजू प्रथम पाहू. १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली. त्यानंतर कोकणातील वरकस जमिनींवर आणि डोंगरउतारांवर आंबा व काजू यांची लागवड झपाट्याने वाढली. २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाच्या फळबाग योजनेचीही तीत भर पडली. लागवड वाढली तशी कलमांची मागणी वाढली आणि लहानमोठ्या रोपवाटिका निघाल्या. परंतु कलम बांधणारे हात त्या प्रमाणात वाढले नाहीत. जिल्ह्यातील तरुण मुंबईची वाट धरतो, आणि बागांची राखण, फवारणी व काढणी यांसाठी अनेक बागायतदारांना नेपाळहून येणाऱ्या मजुरांवर अवलंबून राहावे लागते. ते लोक कष्टाळू आहेत आणि बागेचे काम उत्तम शिकतात, यात शंका नाही. पण हजारो कोसांवरून येणाऱ्या माणसास जे काम मिळते ते गावच्याच माणसास मिळू नये, असे त्या कामात काही नाही. हवा तो फक्त हुन्नर.

घाण्याचा बैल तेली होत नाही

कारागृहातील काम आणि हुन्नर या एकाच गोष्टी आहेत, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. आपल्याकडे सक्तमजुरीचा जुना हेतू माणसास काही शिकविणे हा नव्हता. त्यास थकविणे हा होता. याचे उदाहरण रत्नागिरीकरांस दूरचे नाही. १९११ मध्ये अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये पाठविलेल्या विनायक दामोदर सावरकरांना तेथे नारळाचा काथ्या कुटावा लागला आणि तेलाच्या कोलूस जुंपून घ्यावे लागले. त्या कामाचे वर्णन त्यांनी 'माझी जन्मठेप' या पुस्तकात केले आहे. १९२१ मध्ये त्यांना परत आणून काही काळ रत्नागिरीच्याच कारागृहात ठेवण्यात आले होते. ती कोठडी स्मारक म्हणून जपलेली आहे आणि लोक ती पाहावयास जातात.

राजकारण क्षणभर बाजूस ठेवून शेतकऱ्याने या हकीगतीकडे धंद्याच्या दृष्टीने पाहावे. काथ्या ही किनारपट्टीवरील कामाचीच वस्तू आहे. नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवून, कुटून, धागा वेगळा करून त्याचे दोर वळणे हा पोट भरणारा धंदा आहे. मग अंदमानात वर्षानुवर्षे काथ्या कुटून आलेले किती बंदी त्या धंद्याचे मालक झाले असतील? सोडण कोणते निवडावे, किती दिवस कुजवावे, धाग्याची प्रत कशी ओळखावी, दोर कोणास आणि काय भावाने विकावा, यांपैकी काहीही ठरविण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. त्यांच्याकडे होता फक्त रोजचा ठरलेला हप्ता. घाण्याचा बैल जन्मभर फिरला तरी तेली होत नाही, त्यातलाच हा प्रकार.

कायद्याने आणि शासनाने हा भेद हळूहळू मान्य केला आहे. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने शिक्षेबरोबर सुधारणेचा विचार पुढे आणला. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये नेमलेल्या समितीच्या कामातून आदर्श तुरुंग नियमावली तयार झाली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीच्या श्रमास न्याय्य मजुरी मिळाली पाहिजे, आणि त्या मजुरीतील काही भाग गुन्ह्यामुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी राखून ठेवावा, असा निर्णय दिला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये मान्य केलेल्या नियमांना नेल्सन मंडेला यांचे नाव देण्यात आले. सुटल्यानंतर प्रामाणिकपणे पोट भरता येईल असेच काम कारागृहात शक्यतो द्यावे, असे ते नियम सांगतात.

३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तर प्रत्येक गावकार्यकर्त्याने समजून घेण्यासारखा आहे. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत झाडलोटीचे काम अमुक जातींस व स्वयंपाकाचे तमुक जातींस देण्याची ब्रिटिश अमदानीतील तरतूद शिल्लक होती. ती घटनाविरोधी ठरवून न्यायालयाने रद्द केली. कोकणात जाळे विणणे एकाचे, माडाचे काम दुसऱ्याचे आणि बागायत तिसऱ्याची, अशी धंद्याची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. शिक्षण देताना माणसाचे आडनाव विचारून काम नेमण्याची खोड आपणांसही सोडावी लागेल. चाकू धरणाऱ्या बोटांस जात नसते. ती स्थिर आहेत की थरथरतात, एवढेच कलमास समजते.

आटपाडीजवळची उघडी वसाहत

बंदी आणि शेती यांचा सर्वांत धाडसी प्रयोग महाराष्ट्रात फार पूर्वी झालेला आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आपल्या प्रजेस स्वराज्याची घटना दिली. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची बंद्यांची वसाहत सुरू झाली. तिच्यामागे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना होती. ते गांधीजींच्या विचाराने भारलेले होते आणि औंधच्या कारभारात पंतप्रतिनिधींचे सहकारी झाले होते. या वसाहतीस तट नाही. बंदी जमीन कसतो, आणि विशेष म्हणजे त्याची बायकामुले त्याच्याजवळ राहतात. औंध संस्थान विलीन झाले तरी वसाहत राहिली. आजही ती राज्याच्या कारागृह खात्याकडे, सांगली जिल्ह्यात आहे. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले.

चित्रपटात जेलर आणि त्याचे सहा बंदी ओसाड जमिनीत भाजी पिकवितात, हे पुष्कळांच्या लक्षात असते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, ही गोष्ट मात्र विसरली जाते. भाजी वाजवी भावात विकावयास नेल्यावर बाजारातले व्यापारी चवताळतात आणि त्या माणसांना मारहाण होते. जमीन त्यांना वश झाली. बाजार झाला नाही. चित्रपट असला तरी शेतकऱ्यास यातले मर्म कोणी समजावून सांगावे लागत नाही.

स्वतंत्रपूरचे शेतीच्या दृष्टीने महत्त्व कशात आहे? आटपाडीचा भाग पर्जन्यछायेतला, अवर्षणाचा. तेथे पाण्याची पाळी कधी द्यावी, पेरणी आठवडाभर लांबवावी काय, बैलास विसावा केव्हा द्यावा, हे रोज ठरवावे लागते. पहारेकऱ्याच्या शिट्टीवर हे निर्णय होऊ शकत नाहीत. कारागृहात माणसाच्या हातून प्रथम नाहीशी होणारी गोष्ट कोणती असेल तर ती निर्णय करण्याची सवय. केव्हा उठावे, केव्हा जेवावे, केव्हा निजावे हे दुसऱ्याने ठरवावयाचे, असे दहा वर्षे चालले म्हणजे माणूस सुटल्यावर साधी बी-बियाण्याची खरेदी करतानाही गोंधळतो. शेतीकाम ती सवय परत लावते, कारण पीक कोणाच्या हुकुमाची वाट पाहत नाही. आणि बायकामुले जवळ असली म्हणजे पिकाचे बरेवाईट लागलीच चुलीपर्यंत पोहोचते.

अशी खुली जागा सर्वांना मिळत नाही. येरवडा व पैठण येथे खुली कारागृहे आहेत. महाराष्ट्रात त्यांसाठी १९७१ चे नियम आहेत. ज्यांना शिक्षा लागली आहे, तिचा काही भाग ज्यांनी भोगला आहे आणि ज्यांची वर्तणूक चांगली आहे, अशांतूनच तेथे निवड होते. स्वतंत्रपूरचा धडा रत्नागिरीस जसाच्या तसा लागू करता येणार नाही, याचे कारण येथेच आहे.

थोडे दिवस, थोडी जागा

आपल्या देशातील कारागृहांत शिक्षा भोगणाऱ्यांपेक्षा खटला चालू असलेल्यांचीच संख्या कितीतरी मोठी आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे लोक ज्यांना कच्चे कैदी म्हणतात ते होते. शंभरातले सुमारे शहात्तर. त्यांच्यावर कामाची सक्ती करता येत नाही; ते स्वेच्छेने शिकले तरच. शिवाय जामीन केव्हा होईल आणि दार केव्हा उघडेल याचा नेम नसतो. अशा माणसास दोन वर्षांचे सुतारकाम शिकावयास बसविले तर रंधा हाती येण्यापूर्वीच तो घरी जाईल. हे व्हावे, हीच त्याच्या घरच्यांची इच्छा असते आणि त्यात गैर काही नाही. तेव्हा थोड्या आठवड्यांत पुरे होणारे, थोड्या जागेत होणारे आणि कोकणातल्या गावात उद्या सकाळी उपयोगी पडणारे काम शोधले पाहिजे. कलमबांधणी या तिन्ही कसोट्यांस उतरते.

कोयकलमाची पद्धत दापोलीच्या कृषि विद्यापीठाने कोकणभर रूढ केली, आणि ती शेतकऱ्यांस परिचित आहे. तरी कारागृहात शिकविण्याच्या दृष्टीने तिच्याकडे पुन्हा पाहणे इष्ट होईल. रायवळ आंब्याच्या कोयी ताज्याच हव्या. साठवून ठेवल्यास त्यांची उगवणशक्ती लवकर जाते. पाण्यात तरंगणाऱ्या पोकळ कोयी टाकून द्याव्या. रेती किंवा भुसभुशीत माती यांच्या गादीवाफ्यात कोयी पेरून ओल राखली, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो. कोंब दहा ते पंधरा दिवसांचा, पाने अजून तांबूस असतानाच तो कोयीसकट अलगद उपटून घेतात. कोयीच्या वर पाच ते सात सेंटिमीटरवर शेंडा कापून खोडास मधोमध तीन ते चार सेंटिमीटर उभा काप देतात. कलमकाडी जातिवंत हापूसच्या झाडावरची, तीन ते चार महिन्यांच्या वाढीची, टोकाचा डोळा फुगलेला पण न फुटलेला अशी निवडतात. तिची पाने आठ-दहा दिवस आधीच देठ ठेवून छाटलेली असावीत. काडीच्या बुडास दोन्ही बाजूंनी तिरपे काप घेऊन पाचर करावयाची, ती खुंटाच्या खाचेत बसवावयाची आणि पॉलिथीनच्या पट्टीने घट्ट बांधावयाचे. मग ते कलम मातीच्या पिशवीत लावून सावलीत, पावसाच्या थेट माऱ्यापासून दूर ठेवावयाचे. जुलै-ऑगस्टची दमट हवा याला मानवते.

वाचावयास हे सोपे आहे. कलम फसते ते दोन ठिकाणी. काप एका ओढीत झाला नाही, करवतल्यासारखा झाला, की दोन्ही अंगे नीट चिकटत नाहीत. दुसरे असे की खुंट व काडी क्वचितच एका जाडीची असतात. नवशिका काडी बरोबर मधोमध बसवितो, ती दिसावयास सुबक दिसते आणि आठवड्याने वाळून जाते. जाडीत फरक असेल तर निदान एका बाजूस सालीला साल मिळाली पाहिजे. हे डोळ्यांनी कमी आणि अंगठ्याने अधिक कळते. म्हणून पहिला आठवडा कोयींना हातही न लावता रानातल्या ओल्या डहाळ्यांवर नुसते काप घेण्याचा सराव करावा. डहाळ्या फुकट मिळतात. कोयींचा हंगाम वर्षातून एकदाच येतो.

या शिक्षणाचा एक गुण असा की त्याची परीक्षा कोणास घ्यावी लागत नाही. तीन-चार आठवड्यांत काडीचा डोळा फुटतो किंवा काडी काळी पडते. प्रत्येक शिकणाऱ्याने बांधलेली कलमे वेगळी ठेवून किती बांधली व किती जगली याची वही ठेवावी. ती वही कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा अधिक बोलते. पिशवीवरच्या चिठ्ठीवर बंदीचा क्रमांक न घालता त्याचे नाव लिहावे, अशी एक बारीक सूचना येथे कराविशी वाटते. खर्च काही नाही.

आता चाकूचा प्रश्न. बंदीच्या हाती धारदार पाते द्यावयाचे, हे ऐकताच तुरुंगाधिकाऱ्याच्या कपाळास आठी पडणे स्वाभाविक आहे, आणि ती काळजी खोटी नाही. परंतु कारागृहातील सुतारकामात पटाशी व करवत, शिवणकामात कात्री, मुदपाकखान्यात विळी ही हत्यारे वापरली जातातच. मोजून द्यावी, मोजून घ्यावी, ही रीत तेथे जुनीच आहे. कलमाच्या चाकूंस क्रमांक घालून, उघड्या शेडमध्ये, लहान गटाने काम केले तर अडचण वाढू नये. कोणास या कामावर घ्यावयाचे हे मात्र कारागृहाच्या अधिकाऱ्यांनीच ठरवावे. शेती खात्याच्या माणसाने त्यात आग्रह धरू नये. त्याने शिकवावे.

आंब्याचा हंगाम चुकला तर काजू आहे. काजूचे मृदकाष्ठ कलम पाच-सहा आठवड्यांच्या रोपावर बांधतात आणि त्यास आंब्याइतकी घाई नसते. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ या जातींच्या कलमांस मागणी असते. आंबा आणि काजू ही दोन्ही कलमे ज्याला येतात, त्याला वर्षातले बरेच महिने काम पुरते. गांडूळखत, पिशव्या भरणे व रोपांची निगा ही कामे त्याच ओघात शिकून होतात, त्यांसाठी निराळा वर्ग नको. किनाऱ्यालगतच्या गावांतील बंद्यांस जाळी दुरुस्तीचे व इंजिनाचे काम अधिक जवळचे वाटेल. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. नारळाच्या बाबतीत रत्नागिरीजवळच भाट्ये येथे १९५५ पासून संशोधन केंद्र आहे. यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याच्या कामास आज चांगली मजुरी मिळते. अर्थात उंच माडावर चढण्याचे शिक्षण कारागृहाच्या भिंतीआड देता येणार नाही, हे सांगावयास नकोच. ते सुटल्यानंतरचे.

सुटकेनंतरचा पहिला पावसाळा

समजा, संगमेश्वर तालुक्यातील एखादा तरुण बांधाच्या भांडणात हाणामारी करून आत गेला, आणि आठ-दहा महिन्यांत कलमे बांधावयास शिकून बाहेर आला. अशी भांडणे कोकणात किती क्षुल्लक कारणावरून पेटतात हे कार्यकर्त्यांस ठाऊक आहे. सातबाऱ्यावर वीस नावे, जमीन गुंठ्यांत, आणि वाटेचा वाद आजोबापासूनचा. हा तरुण गावी येतो तेव्हा त्याच्यापुढे काय असते?

प्रथम त्याला कोणी बागेत उभे करीत नाही. हंगामात आंब्याची बाग म्हणजे उघडी तिजोरी. तेथे ओळखीपाळखीवाचून माणूस ठेवीत नाहीत. या बाबतीत बागायतदारास दोष देऊन भागणार नाही, पण त्याला एक गोष्ट सुचविता येईल. राखणीस ठेवण्यास धीर होत नसेल तर कलमे बांधण्यास बोलवावे. ते काम दिवसाउजेडी, चार माणसांत, मालकाच्या डोळ्यांदेखत होते आणि मजुरी नगावर देता येते. जगलेल्या कलमांचा हिशेब महिन्याने आपोआप समोर येतो. विश्वास असाच नगावारी बसतो.

दुसरी अडचण कागदांची. त्या तरुणास स्वतःची कलमे करून विकावयाची असतील तर महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे आणि त्याखाली परवाना घ्यावा लागतो. जातिवंत मातृवृक्ष नसता कोठल्याही झाडाची काडी आणून हापूस म्हणून विकणारा मनुष्य दहा वर्षांनी गिऱ्हाइकाच्या शिव्या खातो. तो कधी कारागृहात गेलेला असो वा नसो. म्हणून पहिली एक-दोन वर्षे त्याने परवानाधारक रोपवाटिकेत हात मुरवावा, नंतर परवान्याचा अर्ज करावा. अर्ज भरून देण्याचे, मातृवृक्षांची व्यवस्था सांगण्याचे काम कृषि कर्मचाऱ्याचे आहे. शिक्षणाचा दाखला मिळाला असेल तर तो शिकविणाऱ्या संस्थेच्या नावाचा असावा. त्यावर कारागृहाचा उल्लेख असण्याचे कारण नाही. ज्या कागदाने नोकरी मिळावयाची, त्याच कागदाने ती जावी, असे होऊ नये. बँकेत खाते नसेल ते उघडून द्यावे. जिल्ह्यात परिविक्षा अधिकारी असतात. मुक्त बंद्याची गाठ त्यांच्याशी घालून द्यावी.

तिसरी गोष्ट अवघड आहे आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. ज्याला त्या भांडणात मार बसला, तोही त्याच वाडीत राहतो. सुटून आलेल्यास खाते, दाखला, काम, सर्व मिळते आहे आणि आपली साधी विचारपूस कोणी करीत नाही, असे त्याच्या घरच्यांस वाटले तर ते चूक म्हणता येणार नाही. मजुरीतील भाग नुकसान झालेल्यांसाठी राखण्याचा न्यायालयाचा विचार याच जाणिवेतून आला. गावकार्यकर्त्याने प्रथम त्या घरी जावे, मग याच्या घरी. तेथेही परसात एखादे वठलेले रायवळ झाड असेल, काजूची चार रोपे हवी असतील. कोणत्याही योजनेचा लाभ देताना दोन्ही घरे एका यादीत दिसली पाहिजेत. हे न केल्यास दुसऱ्या पावसाळ्यात बांधावर पुन्हा तेच भांडण उभे राहील आणि या वेळी कोणाच्या हाती काय असेल हे सांगता येत नाही.

कारागृहात राहिलेल्या मुदतीत शेतीची जी कामे अडतात त्यांकडेही थोडे पाहावे. घरातला कर्ता पुरुष आत असला की भातलावणीस माणूस मिळत नाही, वारस नोंद राहून जाते, पीक विम्याची तारीख टळते. त्या घरची बाई कचेरीत जावयास संकोचते. अशा वेळी कार्यकर्त्याने आपण होऊन दाराशी जाणे एवढेच पुष्कळदा पुरते. तो तरुण सुटून येईल तेव्हा कलम लावण्यास जमीन जागेवर असली पाहिजे.

ज्यांना हे काम येत्या पावसाळ्यात करून पाहावयाचे असेल त्यांनी जून उजाडण्याची वाट पाहू नये. परवानगीचा पत्रव्यवहार, शेडची जागा, रेती व पिशव्या यांची व्यवस्था फेब्रुवारी-मार्चमध्येच व्हावी. शिकविणाऱ्या माळ्याशी एप्रिलमध्ये बोलून ठेवावे, कारण जुलैमध्ये तो कोणासही मिळत नाही. रायवळ आंब्याच्या कोयी मेच्या मध्यापासून बाजारात, रसाच्या कारखान्यांत आणि लग्नघरांच्या मागील दारी ढिगाने पडलेल्या असतात. त्या तेथूनच ताज्या उचलाव्या, धुवाव्या, सावलीत निथळाव्या आणि आठवड्याच्या आत वाफ्यात घालाव्या.